पॅनेलमागची भिंत

सासूबाईंनी चाळीस वर्षं लाँड्रीत काढली होती. कपडा नीट वाळलाय की आतून दमट आहे, हे त्या हात न लावता, लांबूनच नाक फेंदारून सांगायच्या, आणि सहसा चुकायच्या नाहीत. त्यामुळे एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीतल्या भिंतीत पाणी मुरतंय गं," तेव्हा सुनेला ते ताबडतोब पटलं. पटलं म्हणूनच ते तिला ऐकायला नको होतं.

कारण त्या भिंतीच्या पलीकडे तिचं बाथरूम होतं. लग्न झाल्यापासून बारा वर्षं तिने तडा गेलेल्या फरशीवर, गळक्या नळाखाली आंघोळ केली होती. आठ महिन्यांपूर्वी कुठे तिच्या मनासारखं बाथरूम झालं होतं. फिक्या हिरव्या टाइल्स तिने चार दुकानं पालथी घालून शोधल्या होत्या. दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं, हा शेवटचा माल आहे, ही टाइल आता बनत नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासून ती घरी यायची तेव्हा आधी त्या बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहायची.

"तुम्ही खिडकी बंद ठेवता, आई. म्हणून कोंदट वाटतं," ती म्हणाली.

सासूबाईंनी खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात पलंगाच्या उशाशी रंगाचे पोपडे सुटले. मग कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर काळे ठिपके आले. सासूबाई ते फडक्याने पुसायच्या, चार दिवसांनी ठिपके पुन्हा हजर. नातीला त्या म्हणायच्या, "बघ, माझ्या भिंतीला देवी आल्यात." नात हसायची. ती नऊ वर्षांची होती आणि तिला आजीचं सगळंच गमतीदार वाटायचं.

शेवटी नवऱ्याने ओल काढणाऱ्या एका माणसाला बोलावलं. माणूस उंच, रुक्ष, बोलायला जड. त्याने खिशातून दोन टोकांचं मीटर काढून भिंतीला लावलं तशी ते कर्कश वाजायला लागलं. त्याने वर लावलं, खाली लावलं, पलंग स्वतः ओढून मागे लावलं. मग न विचारता सुनेच्या बाथरूममध्ये गेला आणि हिरव्या टाइल्सवर बोटाने टकटक करत एका जागी थांबला.

"इथे. आतल्या पाइपचा सांधा सुटलाय. टाइल बसवताना धक्का लागला असणार. ही सगळी बाजू फोडावी लागेल."

"पलीकडून नाही का फोडता येणार? आईंच्या खोलीतून?" सुनेने विचारलं.

"पाइप या बाजूला आहे बाई. आणि नुसता पाइप बदलून भागणार नाही. पलीकडचा गिलावा खरवडायचा, भिंत सुकवायची, मगच रंग. आठ-दहा दिवस धरा. तोवर आजींना त्या खोलीत झोपवू नका. ही बुरशी छातीत जाते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. "मी सांगत होते की नाही?" त्या म्हणाल्या.

ते वाक्य सुनेला टोचलं. नंतर तिने स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं, की त्या दिवशी सासूबाई गप्प बसल्या असत्या तर कदाचित तिने टाइल्स फोडूही दिल्या असत्या.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोने दार लावून चर्चा केली. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम बघायचा, कारागिरांच्या सगळ्या क्लृप्त्या आपल्याला ठाऊक आहेत असं त्याला वाटे. "फोडल्याशिवाय यांचं पोट कसं भरणार?" तो म्हणाला. "लहानसा सांधा असेल, आपोआप बसेल." पाइपचा सांधा आपोआप बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण बायकोचा चेहरा त्याला दिसत होता, आणि आई शेजारच्या खोलीत असल्यामुळे दिसत नव्हती.

दुसरी कंपनी सुनेनेच शोधली. 'न फोडता, न खोदता, एका दिवसात कोरडी भिंत.' त्यांचा माणूस गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मीटरबिटर त्याने आणलंच नाही. भिंतीवर हात फिरवला, "अहो, हे तर आमचं रोजचं काम," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दोन गड्यांना घेऊन आला. दुपारपर्यंत सबंध भिंतीला पांढरी, गुळगुळीत प्लॅस्टिकची पॅनेल लागली. खोली दवाखान्यासारखी लखलखीत दिसायला लागली.

सासूबाईंनी पॅनेलवर बोटाने टिचकी मारली. आतून पोकळ आवाज आला.

"पण मागची ओल जाणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"आजी, आता ती तुम्हाला दिसणारच नाही!" पॅनेलवाला म्हणाला.

नवरा हसला, सून हसली, गडी हसले. सासूबाईही उगाच थोडं हसल्या.

आठवड्याने कंपनीतून एका मुलीचा फोन आला. कामाचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल? सून तेव्हा सासूबाईंच्या खोलीत चादर बदलत होती. सासूबाई बाजूच्या खुर्चीवर बसून खोकत होत्या.

"पाच," सून म्हणाली. "नाही, तक्रार काहीच नाही. वास? अजिबात नाही. आमच्या सासूबाईंचीच खोली आहे, त्या तर एकदम खूश आहेत."

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं काहीतरी."

"काय सांगणार होतात?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या आणि चादरीचं एक टोक धरायला उठल्या.

वास वाढत गेला. सुनेला तो यायचा. खोलीच्या दाराशीच यायचा, भिजवून विसरलेल्या पायपुसण्यासारखा. म्हणून ती आत जायचं टाळायला लागली. जेवणाचं ताट दारातूनच द्यायची. सासूबाईंनी दोनदा विचारलं, हॉलमधल्या दिवाणावर झोपू का. नवरा म्हणाला, "हॉलमध्ये लोक येतात-जातात आई, बरं दिसत नाही." तिसऱ्यांदा त्यांनी सुनेला एकटीला गाठलं.

"अगं, रात्री उशीत तोंड खुपसलं तरी वास येतो. तू जरा आत येऊन बघ."

सुनेला दुकानात जायला उशीर होत होता. एक पाय चपलेत होता. आणि मग ती जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून इतकं सहज आलं की जणू कधीपासून जिभेवर तयारच होतं.

"आई, राग मानू नका. वास भिंतीचा नाहीये. तुमच्या अंगाचा आहे. या वयात आपलं आपल्याला कळत नाही."

सासूबाईंनी नुसतं आपल्या पदराकडे बघितलं. लोकांचे मळके कपडे धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून द्यायचं ज्यांनी जन्मभर केलं, त्या बाईच्या चेहऱ्यावर लाज उतरली. सून ते बघतच दुसरी चप्पल घालून बाहेर पडली. जिन्यात तिला वाईट वाटलं. बस आली तोवर ओसरलंही, कारण आता तो विषय निघणार नाही याची तिला खात्री होती.

निघालाही नाही. सासूबाई दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागल्या. मग तीनदा. केस ओले, अंगाला साबणाचा उग्र दर्प, आणि तशाच त्या ओल्या भिंतीशेजारी जाऊन बसायच्या. कपाटातल्या सगळ्या साड्या त्यांनी एकेक करून पुन्हा धुतल्या. एकदा सुनेने दारातून पाहिलं, तर त्या नातीसमोर हात पुढे करून उभ्या होत्या. "बघ गं, येतो का वास? खरं सांग हं, आजीला राग नाही येणार." नातीने कोपरापर्यंत हुंगलं आणि म्हणाली, "साबणाचा येतो." सासूबाईंनी परत विचारलं, "आणि त्याच्या खाली?"

सून दारातून मागे फिरली.

मुलीला, म्हणजे सुनेच्या नणंदेला, सासूबाई फोनवर पूर्वी सांगायच्या भिंतीचं. नणंद लांब राहायची, तिच्या मागे तिचा व्याप. तिने वहिनीला एकदा विचारलं. वहिनी म्हणाली, "अगं, भिंत करून घेतली. नवी कोरी आहे. आईंना भास होतात हल्ली." त्यानंतर आई भिंतीचं बोलायला लागली की नणंद म्हणायची, "आई, वहिनीला त्रास देऊ नकोस. किती करते ती तुझं." आणि सासूबाईंनी तिथेही बोलणं सोडलं.

खोकला मात्र बोलत राहिला. ताप आला, धाप लागली. डॉक्टरांनी छाती तपासून सरळ विचारलं, "घरात ओल, बुरशी वगैरे आहे का?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"नाही," सून म्हणाली. "होती थोडी, पण कंपनीकडून काम करून घेतलं. पाच वर्षांची गॅरंटी आहे."

डॉक्टर सासूबाईंकडे वळले. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाईंनी मान हलवली. "वास माझ्याच अंगाचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हालाही आला असेल. माफ करा हं."

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. औषधं बदलून दिली, वाफ घ्यायला सांगितली. अकराव्या दिवशी सासूबाई गेल्या. त्याच पलंगावर, भिंतीकडे पाठ करून.

खोली दीड महिना रिकामी होती. मग सुनेच्या मुलीला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी म्हणून तिचं टेबल आणि पलंग तिथे हलवला. एकोणिसाव्या दिवशी मुलगी खोकायला लागली. कोरडा, तुटक खोकला, श्वास घेताना शीळ. सुनेला तो खोकला ओळखायला पळभरही लागला नाही. तिने मुलीला उचलून स्वतःच्या पलंगावर नेऊन झोपवलं आणि लगेच, पदराने हात पुसत, त्या पहिल्या उंच माणसाला फोन लावला. त्याचा नंबर तिने कधीच पुसला नव्हता.

तो सकाळी आला. त्याला घर आठवत होतं. पॅनेलच्या फटीत पहार सरकवून त्याने जोर लावला, तशी पॅनेल कडकड करत सुटली. मागून आलेल्या वासाने नवऱ्याला ओकारी आली. जमिनीपासून माणसाच्या छातीपर्यंत सबंध भिंत काळी, दाट, लव आल्यासारखी झाली होती. पॅनेलच्या मागल्या अंगावरही तीच लव. गिलाव्याला बोट लावलं की तो चिखलासारखा बोटाला येत होता.

उंच माणसाने पहार खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "आजी कुठे झोपत होत्या?"

सून म्हणाली, "हॉलमध्ये. ही खोली आम्ही सामानाला ठेवली होती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पॅनेलवर उशाच्या उंचीला तेलकट डाग होता, डोकं टेकून टेकून पडलेला. तो त्यालाही दिसला असणार. पण तो कामाचा माणूस होता, बाथरूमकडे वळला.

"टाइल्स फोडाव्या लागतील," तो म्हणाला.

"फोडा ना. सगळ्या फोडा," सून म्हणाली. "आजच सुरू करा."

नऊ दिवसांत काम झालं. हिरव्या टाइल्सचे तुकडे तिने स्वतः गोणीत भरून तीन जिने खाली नेले. एकदाही तिला त्यांचं वाईट वाटलं नाही, आणि हे ध्यानात आल्यावर ती जिन्यातच, गोणीवर हात ठेवून, थोडा वेळ बसली. एवढं सोपं होतं. मग कुणीतरी वरून उतरत होतं, म्हणून उठली.

मुलीचा खोकला थांबला. पुढच्याच आठवड्यात नणंद चार दिवस राहायला येणार म्हणून फोन आला. ती यायच्या आदल्या दिवशी सुनेने मुलीला समोर बसवलं.

"आत्यापुढे भिंतीचं काही बोलायचं नाही."

"पण भिंत काळी होती ना? मी बघितली. आजी खरंच सांगत होती."

"आजीला भास व्हायचे. म्हण."

"पण आई..."

सुनेने तिचा दंड धरला. जरा जास्तच घट्ट. "म्हण."

नणंद आली. आईच्या खोलीत गेली, नव्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला, आणि पलंगावर बसून रडायला लागली.

"वहिनी, मला रोज वाटतं गं. ती इतकं सांगायची आणि मी तिलाच गप्प केलं. खरंच ओल नव्हती ना? मला खरं काय ते सांग, मी तुला काही बोलणार नाही."

नवरा दारात होता. तो सावकाश पाठ फिरवून आत निघून गेला. सून नणंदेशेजारी बसली. खरं बोलायला तिला आयुष्यात याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि ते तिला कळत होतं. तिने नणंदेचा हात हातात घेतला.

"नव्हती गं. बघतेस ना तू. ही काय भिंत आहे, ओल असती तर दिसली नसती?"

नणंदेने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तू होतीस म्हणून तिचं सगळं नीट झालं," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने भाचीला जवळ ओढलं. "आजीची आठवण येते का गं तुला?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली. "आजीला भास व्हायचे."

"हो ना, बाळा," आत्या म्हणाली.

"तिला वाटायचं, भिंतीचा वास येतो. पण तो तिच्याच अंगाचा होता."

हे शेवटचं वाक्य सुनेने तिला शिकवलेलं नव्हतं.