हेमांगी मॅडम आणि आयेचं इन्सुलिन

हिवाळ्यातलं कोवळं ऊन अंधेरीच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरायचं आणि काचनळ्यांवरून घरंगळत हेमांगी मॅडमच्या बोटांवर विसावायचं. ती सावळी, निमुळती बोटं पिपेट इतक्या हळुवारपणे दाबत, की सुटणाऱ्या थेंबालाही आपण कुणाच्या ओंजळीतून निघालो असं वाटावं. मॅडम वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. केसांत अबोलीचा गजरा, आवाजात ओहोटीच्या पाण्याचा संथपणा. जनुक, प्लाझ्मिड असे रुक्ष शब्द त्यांच्या तोंडी आले की शेजारपाजारच्या माणसांसारखे ओळखीचे होत.

त्या वर्षी त्यांच्या आईच्या, हिराबाईंच्या पायाला मासळीचा काटा लागला. मधुमेहामुळे जखम भरेना. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, पण आईने साफ नकार दिला. इन्सुलिन जंतूंकडून करून घेतात, हे मॅडमनीच कधीतरी घरी कौतुकानं सांगितलं होतं. आईच्या मनात त्यातला नेमका 'जंतू' तेवढा राहिला होता. पाय काळवंडू लागला, तशा एका सकाळी मॅडम आईला रिक्षातून थेट प्रयोगशाळेत घेऊन आल्या. आम्ही विद्यार्थी प्रात्यक्षिक थांबवून उभे राहिलो.

मॅडमनी जंतूंच्या वसाहती उमटलेली बंद बशी आईसमोर धरली.

"आये, इन्सुलिन कसं करायचं ते माणसाच्या पेशीत लिहिलेलं असतं. तेवढा मजकूर विकरानं, म्हणजे कात्रीसारखं काम करणाऱ्या एका रसायनानं, नेमका कापायचा, दुसऱ्या विकरानं एका बारीक कड्यात जोडायचा आणि ते कडं जंतूत सोडायचं. मग जंतू तो मजकूर वाचतो आणि माणसाचं इन्सुलिन बनवतो."

"आन मंग तो जंतू माझ्या अंगात?"

"नाही गं. तो तिकडंच राहतो. त्यानं बनवलेलं तेवढं वेगळं काढून शुद्ध करतात."

हिराबाईंनी बशीतल्या ठिपक्यांवर काचेवरूनच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे आधी का नाय बोललीस? तू अर्धंच सांगितलंस, मी पुरतं घाबरले."

मॅडम हसल्या आणि बशी खाली ठेवून आईशेजारी बसल्या.

"घरी चल," आई म्हणाली, "आन टोच काय ती सुई."

जखम सावकाश भरली. पाय वाचला. हिराबाई पुढे अनेक वर्षं बाजारात टोपलीमागे ताठ बसल्या आणि गिऱ्हाइकांना मुलीची विद्या ऐकवत राहिल्या. आता त्या नाहीत. मॅडमही निवृत्त होऊन मुलाकडे दूरदेशी गेल्या. मी बोरिवलीत हाच विषय शिकवते. एखाद्या चेहऱ्यावर भीती दिसली की नकळत थांबते, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. आणि तेव्हा कळतं, की काळ माणसांना आपल्यापासून कितीही लांब नेवो, त्यांनी कुणासाठी तरी धरलेला धीर आपल्या आवाजात मुक्कामाला राहिलेला असतो.