तपासले शून्य, चुका शून्य

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे मापारीणबाई म्हणत. तळघरात रुग्णालयाची स्वतःची मोठी यंत्रं रांगेने उभी होती. खोकी म्हणायचे त्यांना. त्या खोक्यांच्या पोटात प्रत्येक विभागाला आपापलं मशीन कापून दिलेलं, आणि कोण किती वापरतं त्याचं माप हिच्याकडे. एक्स-रेवाले पोत्याने वापरायचे, नोंदणीवाले ओंजळीने, वाचा विभाग चिमटीने. कागदोपत्री या सगळ्याला खासगी क्लाउड असं भारदस्त नाव होतं. ढग म्हणे, आणि राहतो तळघरात, हा विनोद इतका घासून झाला होता की आता नवा माणूससुद्धा त्याला हसत नसे.

जागा पुरेना तेव्हा एक नियम झाला होता, आणि तो हिनेच लिहिला होता. पंचेचाळीस दिवस माप शून्य आलं की मशीन बंद. आणखी पंधरा दिवस कुणी हक्क सांगितला नाही की पुसून जागा मोकळी. हक्क सांगायचा तर वापर दाखवायचा, आणि वापर दाखवायचा तो मीटरने. गुरुवारी सकाळी यादी निघे, ती सही करी, दुपारी बाराला तळघरातले काका पुसायला घेत.

त्या गुरुवारी अकरा वाजता नणंद आली. वाचा विभागात ती गेलेला आवाज परत वळवायला शिकवायची. विभागाला नवं मशीन मिळालं होतं, आणि पेशंटांचे रेकॉर्ड केलेले आवाज जुन्यावरून त्यावर जायचे होते. आली ती बसलीच नाही.

"नव्या मशीनवर आवाज नाहीत. एकही नाही. जुन्यावरच आहेत सगळे, आणि जुनं तुम्ही बंद करून ठेवलंय."

"ताई, कागदावर तुमचे आवाज नव्यावर गेलेत. जुन्याचं माप साठ दिवस शून्य आहे."

"कागद गेला असेल नव्यावर. आवाज नाही गेले. तिसऱ्यांदा सांगतेय मी तुला."

"आणि मी तिन्ही वेळा तपासलं. कुणी रेकॉर्ड करत असतं तर मीटर हललं नसतं का?"

"मग आई काय भिंतीशी बोलली चार आठवडे?"

आई म्हणजे हिच्या सासूबाई. त्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. उन्हात, धुळीत, गर्दीच्या कलकलाटात तो आवाज विहिरीतल्या पाण्यासारखा गार उतरायचा, आणि धावणारी माणसं क्षणभर थांबायची. घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागणार होतं, म्हणून त्याआधी त्यांनी वाचा विभागात बसून सोळाशे वाक्यं बोलून ठेवली. त्यांतून त्यांचा आवाज घडवून एका लहानशा यंत्रात घालायचा, त्यांनी बोटाने लिहायचं आणि यंत्राने त्यांच्याच आवाजात बोलायचं, असं ठरलं होतं. "आता आईला बंद करायचं बटण मिळणार," असं हिचा नवरा म्हणाला होता, आणि सासूबाई त्यावर खळखळून हसल्या होत्या. तेव्हा अजून हसू ऐकू यायचं. शस्त्रक्रियेला आज तीन आठवडे झाले. यंत्र पुढच्या सोमवारी यायचं होतं.

"बाराला पुसणार आहेत ना ते?" नणंद म्हणाली. "यादीतून काढ. तुझ्या हातात आहे."

हातात होतं. पण घरच्यांसाठी नियम वाकवला असं कुणी बोट दाखवायला नको, या एका धास्तीने तिने तीनदा नाही म्हटलं होतं. आता तोंडावर नाही म्हणवेना.

"परत एकदा तपासते. तुमच्यासमोर."

तपासायला एक स्क्रिप्ट होती, म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या आज्ञा, आधीच्या मापाऱ्याने जाताना सोपवलेली. विभागाचं किंवा एखाद्या मशीनचं नाव द्यायचं, की ती ते ज्या खोक्यांत असेल त्यांच्या दारोदार जाऊन पाच प्रश्न विचारायची. माप घेणारा जागा आहे का? त्याचं घड्याळ बरोबर आहे का? माप कुठे पाठवायचं ते त्याला ठाऊक आहे का? नावं जुळतात का? शेवटचं माप पोचलं का? सगळं फिरून आली की एकच ओळ सांगायची.

तिने जुन्या मशीनचं नाव दिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळ आली. चुका: शून्य. ठीक.

"बघा," ती म्हणाली.

"इतक्या लवकर?" नणंद म्हणाली. "आमच्याकडचा सगळ्यात सोपा पेशंटसुद्धा पाच प्रश्नांना पाच मिनिटं घेतो."

बोलली ती वैतागून, पण मापारीणबाईचा हात थांबला. खरंच, इतक्या लवकर? तिने एक्स-रे विभागाचं नाव देऊन पाहिलं. चाळीस सेकंद लागले. मग तिने इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. स्क्रिप्ट उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

वरतीच लिहिलं होतं: जे खोकं दुरुस्तीच्या यादीत आहे, त्याच्या दारी जाऊ नकोस.

तिने शेवटी एक ओळ वाढवली. किती ठिकाणी गेलीस तेही सांग. आणि पुन्हा चालवली.

तपासले: शून्य. चुका: शून्य. ठीक.

तिने दुरुस्तीची यादी उघडली; ते खोकं अजून तिथेच होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या खोक्याचे पंखे बदलायचे होते. वरची बाकीची मशीनं तिने दुसरीकडे हलवली. वाचा विभागाचं जुनं मशीन हलेना, म्हणून तेवढं राहिलं. उगाच धोक्याच्या घंटा वाजू नयेत म्हणून तिने स्वतःच्या हाताने ते खोकं दुरुस्तीच्या यादीत घातलं. पंखेवाला दुपारी चारला काम आटपून गेला. यादीतून नाव काढायचं तेवढं राहिलं, कारण चारलाच सासूबाईंच्या घशाचा रिपोर्ट आला होता आणि ती खुर्ची मागे ढकलून तशीच उठली होती. त्या दिवसापासून मीटर त्या खोक्याकडे पाहतच नव्हतं. आणि जिथे पाहिलं नाही तिथे "पाहिलं नाही" असं लिहायची त्याला रीत नव्हती. ते शून्य लिहायचं.

अकरा अठ्ठेचाळीस. तिने काकांना फोन लावला. तळघरात फोन लागत नसे, हे ठाऊक असून दोनदा लावला. मग धावली. मागून नणंदेच्या चपला वाजत होत्या.

काका डबा बांधलेल्या पिशवीशेजारी बसले होते.

"काका, वाचा विभागाचं जुनं. ते थांबवा."

"ते? ते झालं की." त्यांनी चष्मा वर सारला. "लहानच होतं. म्हटलं जेवायच्या आत उरकून टाकू, म्हणून दहा मिनिटं आधी सोडलं."

"परत आणता येईल?"

"पुसणं म्हणजे आपण वरून शून्यं लिहितो, बाई. तुम्हीच ठरवलंय तसं." मग तिचा चेहरा बघून त्यांचा स्वर उतरला. "काय होतं त्यात?"

"नक्कल असेल ना कुठे?" नणंद म्हणाली. "एखादी तरी?"

मापारीणबाईने मान हलवली. नक्कल घेणारं यंत्रही मापच विचारायचं. महिनाभर शून्य दिसलं की ते नव्या नकला थांबवायचं आणि जुन्या टाकून द्यायचं. सगळ्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

यंत्रांचा गार वारा घोट्यांवरून वाहत होता. तिघंही काही वेळ तशीच उभी राहिली, तिरडी उचलून नेल्यावर अंगणात माणसं राहतात तशी.

जिन्यात नणंदेने तिचा दंड धरला. "मशीन बिघडलं म्हणू. आईला काय कळतंय त्यातलं."

"नको, ताई."

"अगं, तिला अजून पाणी गिळता येत नाही नीट."

"म्हणून तर. खोटं ऐकलं तर उलट विचारायला आवाज कुठाय त्यांना?"

नणंदेने हात सोडला. ती वॉर्डाच्या दाराबाहेरच थांबली.

सासूबाई खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर पाटी. सून या वेळी आली म्हटल्यावर त्यांनी भुवई उचलली. ती कॉटच्या कडेला बसली आणि सांगत गेली. पंखे, यादी, स्क्रिप्ट, सही. तीनदा नाही म्हटलं तेही. मधे थांबली नाही, आणि रडायला आलं तरी रडली नाही. रडली असती तर सासूबाईंना तिचीच समजूत घालावी लागली असती.

सासूबाई ऐकत होत्या. एकदा त्यांचे ओठ हलले, सवयीने. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर काहीच नव्हतं. बराच वेळ त्या तिथेच बघत राहिल्या. सुनेने त्यांच्या हाताला हात लावला, तर त्यांनी तो काढून घेतला. रागाने नाही, झोपेत माणूस काढून घेतं तसा.

मग त्यांनी पाटी ओढली. खडू दोनदा मोडला.

"बाकीचे?"

"कोण, आई?"

पाटीवर त्यांनी त्याच शब्दाखाली रेघ मारली.

बाकीचे. तिने या खोलीत येईपर्यंत एकाच आवाजाचा विचार केला होता. त्या मशीनवर सत्तावीस जणांचे होते. ती उठली, बाहेर नणंदेपाशी गेली आणि दोघींनी भिंतीला टेकून वाचा विभागाची वही उघडली. एकोणीस जणांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांना पत्र जाईल, आणि पत्राखाली तिचं नाव असेल. आठ जण अजून बोलत होते. त्यांतल्या एकाची, एका शाळामास्तरांची, उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया होती.

तिने तिथूनच फोन लावला.

"बोला," पलीकडून मास्तर म्हणाले. आवाज घोगरा होता, पण भरलेला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"मास्तर, रुग्णालयातून बोलतेय. आज आत्ता येऊ शकाल का? तुमचा आवाज पुन्हा भरून घ्यायचाय."

"पुन्हा? अहो, मी नऊशे वाक्यं बोललोय. घसा फाटला माझा." ते हसले, आणि हसता हसता खोकले. "तो आधीचा कुठे गेला?"

नणंद तिच्याकडे बघत होती.

"मी पुसला," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत बसू आपण. जितकी होतील तितकी."

पलीकडची भांडी थांबली. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. मास्तरांचा श्वास ऐकू येत होता, आणि आवाजाची ती वाट बघत होती.