कॉन्टेसातला दिवा

वडिलांचं ऋण फेडायचा क्षण मुलाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि त्या वेळी सृष्टीही स्तब्ध होते, असं म्हणतात. कल्याणचा तो क्षण आला तेव्हा तो जालन्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकचे शिक्के मारत होता. स्तब्ध फक्त पंखा होता. लाइट गेली होती.

अण्णांना, म्हणजे राधेश्याम यांना, जाऊन आठ महिने झाले होते आणि कल्याणला अजून रडू आलं नव्हतं. तेराव्याला नातेवाइकांनी हे हेरलं, आपसात कुजबुजले आणि आणखी बुंदी वाढून घेतली. त्यानं अण्णांचा चष्मा हातात धरून पाहिला, त्यांची चप्पल घालून पाहिली. काही नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो ना, तसं सगळं आतून बधिर.

मग त्याला अण्णांची जुनी कॉन्टेसा गाडी आठवली. लिंबाखाली ताडपत्रीत उभी होती. "एकदा हिला मोकळी सोडणार हाये," असं अण्णा तीस वर्षं म्हणत राहिले आणि ताशी साठच्या वर कधी गेले नाहीत. ती शर्यतीत पळवली तर आपलंही आतलं काहीतरी सुटेल, असं कल्याणनं ठरवलं.

वायरिंग उंदरांनी संपवलं होतं. म्हणून गाडी जुन्या जालन्यात दीनानाथ मिस्त्रीकडं गेली. अण्णांच्या गाडीला आजवर त्याच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि मयताला तो कल्याणपेक्षा जास्त रडला होता. म्हणजे रडला होता.

"रस्त्याचं येगळं आन् शर्यतीचं येगळं करून राह्यलो, कल्याणभाऊ," दीनानाथ सीटखालून म्हणाला. "हे बटण रस्त्याचं. हॉर्न, इंडिकेटर, वायपर. हे शर्यतीचं. निस्तं इंजिन, पंप आन् पंखा. आन् बाहेरून ही लाल मूठ. आग लागली तं कुणीबी ओढावी, सगळा करंट बंद."

"सगळा?"

"बिलकुल."

तीन महिन्यांनी दोघं संभाजीनगरच्या पुढं, एका बंद साखर कारखान्याच्या सरळ रस्त्यावर पोचले. चारशे मीटरची शर्यत. गाड्या तपासायला सुरुची नावाची पंचविशीतली मुलगी होती. तिनं लाल मूठ ओढली. इंजिन बंद. पंप बंद. पंखा बंद. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढचा तांबडा दिवा मात्र छान तेवत होता.

"काका, हा कसा चालू?"

"तो डायरेक बॅटरीवर हाये," दीनानाथ अभिमानानं म्हणाला. "देवाचा दिवा मुठीनं बंद करायचा आस्तो का?"

"मग गाडी पळणार नाही. ती वायर कापा, दोन मिनिटांचं काम आहे."

दीनानाथनं कल्याणला बाजूला घेतलं. "राधेश्यामभाऊंचा नेम व्हता. ते व्हते तवर पंचवीस वर्षं हा दिवा इझला न्हाई. अंधार पडला की त्याच्यावर रुमाल झाकायचे, देवाला निजवल्यावानी. म्या सोता पाह्यलंय." त्यानं पक्कड पुढं केली. "माझा हात धजत न्हाई. वारस तुमी. तुमी कापा."

कल्याणनं पक्कड घेतली. दोन बोटांत वायर धरली. लाइनीतल्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. सुरुचीनं घड्याळ पाहिलं. कल्याणला अण्णांचा नेम माहीतच नव्हता. अकरा महिने ज्या माणसासाठी रडू शोधत होतो, तो रोज देवाला झाकून निजवत होता आणि आपल्याला पत्ता नाही. त्याच्या घशात काहीतरी अडकलं. बारीक होतं, पण होतं.

"मंग?" दीनानाथनं विचारलं.

"रस्त्याचं बटण दाबा," कल्याण म्हणाला. "घरी जाऊ."

येताना त्यानं गाडी साठच्या वर नेली नाही. घशातलं ते अलगद सांभाळत, हिंदकळू न देता, तो घरापर्यंत आला. उषाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"आई, अण्णांचा दिव्याचा नेम होता, तू कधी बोलली न्हाईस."

"कसला नेम?"

"गाडीतला दिवा. कधी इझू देत नव्हते. रुमाल झाकायचे."

उषाबाईंनी सुपातला खडा टिपून अंगणात टाकला.

"डोळ्यावर यायचा म्हून झाकायचे. दोन खेपा सांगायला गेल्ते, दीनानाथनं चहा पाजून परत धाडलं. दिव्याला बटण लावायचं इसरला व्हता तो."