मोठ्यानं वाचलेली फिर्याद

मनातल्या मनात पुस्तक वाचणारा माणूस अकोल्याच्या कोर्टातले कारकून कमलाकांतपंत यांना चोरून खाणाऱ्यासारखा वाटे. लहानपणी तेल्हाऱ्याला तंबूत मुके सिनेमे येत, तेव्हा पडद्यावरची अक्षरं तेच अख्ख्या गावाला वाचून दाखवत, आणि दुष्ट माणूस दिसला की लोक पडद्यावर वहाणा फेकत.

आज त्यांनी बैलचोरीची फिर्याद वाचायला घेतली. रिकामी दावण, बैल गमावून रडणारी गोदाबाई, उपाशी लेकरं. कागदात नव्हतं तेही त्यांनी ओतलं. डुलक्या घेणारे न्यायाधीशसाहेब जागे झाले. आरोपी चंद्रभान तर हमसून हमसून रडत होता.

साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

चंद्रभाननं डोळे पुसले आणि पायातली वहाण हातात घेतली.

"गुन्ह्याचं मंग पाहू, सायब. पयले थो हरामखोर दाखवा मले."