पळीभर गंगाजल

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची पळी आहे. माझ्या टोकाला नागाचा फणा आहे आणि त्याचा मला फार तोरा होता. काशीच्या ठठेरी बाजारात एका कारागिरानं मला ठोकून घडवलं. तेव्हापासून मी दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका मराठी घरात राहते. घरचे बिंदुमाधवशास्त्री रोज पहाटे मला चिंचेनं घासतात, गंगेच्या अहिल्याबाई घाटावर नेतात आणि संध्या करून तांब्याभर गंगाजल घेऊन येतात. मी शिंपडलं की सगळं शुद्ध होतं, अशी माझी पक्की समजूत होती.

शास्त्रीबुवांची मुलगी स्वरदा विद्यापीठात संशोधन करते. साड्या रंगवून उरलेलं पाणी नाल्यातून गंगेत जातं, ते तिला लहानपणापासून बघवत नाही. दारच्या तुळशीची पानं ती शुद्ध पाण्यात उकळते आणि काढा बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेते. त्या काढ्यानं द्रावणातल्या चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचे आणि त्यांच्याकडून पाण्यातला रंग मोडून घ्यायचा, हे तिचं काम.

एका सकाळी देव्हाऱ्याजवळ ती बाटली शास्त्रीबुवांना दिसली. लेकीचं काम म्हणजे पुण्यकर्म, म्हणून त्यांनी हळूच बूच काढलं आणि माझ्याकडून पळीभर गंगाजल आत घातलं. मग ते रोजचंच झालं. मी तर मनातून फुगून गेले होते.

पंधरा दिवसांनी स्वरदा घरी आली ती रडवेली होऊन.

"बाबा, आजही सगळं पांढरं झालं. तपकिरी व्हायला हवं होतं. सर म्हणाले, आणखी एकदा बिघडलं तर विषय बदल. तीन साल की मेहनत गेली!"

"परेशान नको होऊस गं. मी तर रोज..." शास्त्रीबुवा थांबले.

"रोज काय?"

"तुझ्या काढ्यात पळीभर गंगाजल घालतो. आशीर्वाद म्हणून."

स्वरदानं कपाळावर हात मारला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. नदीच्या पाण्यात क्षार असतात, त्यांच्यामुळे चांदीचा पांढरा गाळ होतो, असं तिनं बाबांना समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्रांनो, मला हात नाहीत, पण ओतलं मीच होतं.

दुसऱ्या दिवशी बाटलीला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी स्वरदा धावतच जिना चढली. द्रावण तपकिरी झालं होतं, आणि साड्या रंगवणाऱ्या मोहनकडून आणलेलं लालभडक पाणी त्यातले कण घालून दुपारभर उन्हात ठेवल्यावर नितळ झालं होतं. शास्त्रीबुवांनी त्या पाण्याची कुपी उजेडात धरली.

"मग आता गंगेत सोडायचं?"

"अभी नहीं, बाबा. आधी त्यातली चांदी काढून घ्यायला हवी."

मित्रांनो, नदीवर माया करा, पण तिला काय हवं आहे तेही जाणत्या माणसाला विचारा. मला हे फार उशिरा कळलं.

पुढच्या सकाळी शास्त्रीबुवांनी मला भरलं आणि सवयीनं बाटलीपर्यंत नेलं. तिथे त्यांचा हात थबकला. मग ते दारात गेले आणि ते पळीभर गंगाजल त्यांनी तुळशीच्या मुळाशी घातलं.

मागून स्वरदा म्हणाली, "आता चालेल, बाबा."