तारेखालचे बर्च

त्या जूनमध्ये तारमो आणि मी दलदलीच्या कडेनं विजेच्या तारेखालची झाडं तोडत होतो. लेइदाबाईंच्या कुरणापाशी पोचलो, तर त्या माझ्या मोटारकरवतीसमोरच येऊन उभ्या राहिल्या. वय पंच्याहत्तर, पायात रबरी बूट, गळ्यात भिंग. सगळा जन्म डेअरीत काम करण्यात गेला. गेली चार वर्षं मात्र त्या या बर्चच्या रोपट्यांत वाकलेल्या दिसायच्या.

"करवत बंद कर, उर्मस. इथं एक बाई कामात आहे."

"मला तर एकच बाई दिसतेय," तारमो म्हणाला, "आणि ती कामात अडथळा आणतेय."

"दुसरी तुझ्याहून कष्टाळू आहे, म्हणून दिसत नाही तुला."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पानावर मसुराच्या दाण्याएवढी भुंगेऱ्याची मादी होती, काळसर निळी, पाय पिवळे. मागच्या पायांत तिनं राजगिऱ्याएवढं अंडं धरलं होतं. ते ती हळूहळू फिरवत होती आणि आपल्याच विष्ठेचे पापुद्रे त्यावर लिंपत होती. कुंभाराचं चाक नाही, बघणं नाही, सगळं काम पाठीमागे. तरी एक पापुद्रा वाकडा बसला नाही. मी किती वेळ ओणवा होतो कोण जाणे. शेवटी तिनं ते इवलं मडकं खाली पाल्यात सोडून दिलं आणि पान कुरतडायला लागली.

"पिल्लू त्याच मडक्यात वाढतं," लेइदाबाई म्हणाल्या. "वाळका पाला खातं, आणि घर पुरेनासं झालं की स्वतःच वाढवतं."

"शेणाचं घर," तारमो म्हणाला.

"तुझ्या गळक्या खोलीपेक्षा कोरडं. म्हणून सांगते, हे बर्च कधीच तोडू नका."

मी हो म्हणणारच होतो. पण एक शंका आली.

"पलीकडच्या मोठ्या बर्चांवर सापडतो हा?"

"नाही. तिथं सावली असते."

"लेइदाबाई, हे बर्च मीच पाच वर्षांपूर्वी तोडले होते. पुन्हा फुटले म्हणून लहान आहेत, उन्हात आहेत. सोडून दिले तर इथंही सावलीच होईल."

त्या एका खुंटावर बसल्या.

"चार वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देतेय," त्या म्हणाल्या.

"ऐकू येत होत्या," तारमो म्हणाला.

मुकादमाला फोन केला. तारेला फांदी लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मग ओढ्याकडची अर्धी झाडं तेवढी तोडली. उरलेली दोन वर्षांनी तोडायची ठरली. खालचा पाला विस्कटू नये म्हणून फांद्या ओढत न नेता उचलून नेल्या. तारमोनंही नेल्या, कुरकुर न करता.

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, तोडलेल्या भागातल्या कोवळ्या फुटव्यांवर लेइदाबाईंना सात माद्या सापडल्या. फोन त्यांनी तारमोला केला, मला नाही. रविवारी तो एकटाच जाऊन आला. सोमवारी डब्यातला काळा पाव खाताना मी विचारलं, काय पाहिलंस? "एकीनं मडकं पूर्ण केलं," एवढंच तो म्हणाला, आणि पाव हातातच राहिला त्याचा.