गाडीचं तोंड घराकडं

मिलिटरीत सतरा वर्सं गाडी चालवली. तिथं एक सवय लागली, गाडी उभी करायची ती तोंड बाहेरच्या वाटंला करून. कवा निघावं लागंल, सांगता येत न्हाई. रिटायर झालो तरी ती सवय काय सुटली न्हाई.

माजी प्रियदर्शनी वडूजला शाळंत जाती, नववीला. दिवाळीनंतर शाळंच्या फाटकाशी आलं की तिची छाती धडधडायची, हात गार पडायचं, उलटी यायची. मला वाटलं, सोंगं हायत. एकदा खेकसलो बी, "फौजीची पोरगी आन् भितीस?" ती नुसती थरथरत उभी. मग माजाच जीव तुटायचा. मोटरसायकल चालूच असायची. बसवली मागं की आलो घरी. असं तेवीस खाडं झालं. वर्गाच्या बाई म्हणल्या, आनखी झालं तर परीक्षंला बसता येनार न्हाई.

कराडला डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्या म्हणाल्या, "सोंग नाही हे. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, धोका दिसला की घंटा वाजवतो. हिचा उगाचच वाजवतो. 'काही नाही, उगी' म्हणणारा कपाळामागचा भाग या वयात अजून घडत असतो. ती तिथं थांबली, तर घंटा हळूहळू थांबते. तुम्ही माघारी नेलंत, की मेंदू शिकतो, धोका खराच होता."

करायला गेलो गणपती, झाला मारुती. लय वाईट वाटलं.

मग ठरलं, आदी फाटकात उभं ऱ्हायचं, मग व्हरांडा, मग वर्ग. चार दिवस निभावलं. सोमवारी वर्गात जायचं व्हतं, तर पोरगी फाटकातच पांढरीफटक.

"आप्पा," ती म्हणली, "तुमी गाडी बंद का करत न्हाई?"

बघितलं तर गाडी चालू, तोंड घराकडं. एवढं ऐकूनबी मी रोज पळायच्या तयारीतच उभा.

"तुमालाबी वाटतं, मला जमनार न्हाई."

खोटं कसं बोलू? "भ्या वाटतं गं मला," म्हणलं. "तू थरथरलीस की माजं काळीज हलतं."

गाडी बंद केली. तिनं किल्ली काढून घेतली, कंपासपेटीत टाकली.

"आता तुमालाबी जाता यायचं न्हाई," म्हणली, आन् तशीच थरथरत आत गेली.

दुपारी वर्गाच्या खिडकीतनं तिनं एकदा बघितलं, मी हाय का ते. हायच की. जातोय कुठं, किल्ली तिच्यापाशी.